कोपऱ्यातल्या तीन काठ्या

माझा नवरा डेल्बर्ट, म्हणजे आमचा डेल, डिसेंबरपासून एकच शब्द बोलतो, "नाही." कॉफी हवी का? नाही. आणि कप पुढे केला की डाव्या हाताने ओढून घेतो. मेंदूत गुठळी झाली, त्यात उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले, तेवढा हा एक मागे राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शब्दावर जाऊ नका, हाताकडे बघत जा." मी बघत गेले. पण दिवसातून शंभर वेळा 'नाही' ऐकलं की माणसाचा पेशन्स संपतो. माझा तर आधीपासूनच बेताचा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी ठरवलं, यंदा परसातली बाग आपण स्वतः नांगरायची. इंडियानात एवढ्या लवकर माती सुकत नाही, यंदा सुकली होती. चाळीस वर्षं हे काम डेलचं. ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा टिलर तो जोडणार, चालवणार तो, आणि मी मागून वाटाणे टोचत जाणार. शेजारच्या लोवेलने मला दोनदा विचारलं होतं, "व्हर्ना, तुमची बाग मी करून देतो ना. माझा टिलर जोडलेलाच आहे." दुसऱ्यांदा तर कुंपणाला टेकून घुटमळतच राहिला. मला वाटलं, कीव करतोय.

"लोवेल, आम्ही अजून मेलो नाही," मी म्हटलं.

तो काहीतरी बोलायला गेला आणि टोपी सारखी करत निघून गेला.

सकाळी डेलला कोट चढवून गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसवलं. आधी वाफे साफ केले. गेल्या वर्षीच्या टोमॅटोच्या काठ्या, तारा, सुतळ्या सगळं उपटलं, कारण असलं काही पात्यांत गुंतलं की अर्धा दिवस सोडवण्यात जातो. कुंपणाच्या कोपऱ्यात वाळक्या पानांच्या थरात तीन बुटक्या काठ्या होत्या. त्याही उपटल्या आणि डेलच्या खुर्चीशेजारच्या ढिगावर टाकल्या. डेल वाकला, नेमक्या त्या तीन काठ्या वेचून काढल्या आणि मांडीवर घेऊन बसला.

"नाही," तो म्हणाला.

"बरं, ठेव. खेळत बस," मी म्हटलं. हे मी म्हटलं, बरं का.

मग जोडणी. गवत कापायचं पातं ट्रॅक्टरच्या पोटाखालून सोडवून बाजूला ओढलं. ट्रॅक्टर मागे घेत घेत टिलरच्या समोर आणला, तीनदा तिरका आला, तीनदा पुन्हा पुढे. चौथ्यांदा भोकासमोर भोक आलं.

"ही जाडी पिन इथे ना?"

"नाही."

मी घातली. खट्कन बसली. डेल ओठाच्या एका कोपऱ्यातून हसला. पट्टा पुलीवर चढवताना मात्र तो डाव्या हाताचं बोट गोल गोल फिरवत राहिला, आणि माझ्या उशिरा लक्षात आलं की पट्ट्याला पीळ पडलाय. पीळ काढला, ताण देणारी स्प्रिंग ओढून अडकवली, त्यात बोटाची साल निघाली. पुढच्या बाजूला वजनं टांगली, नाहीतर टिलरच्या भाराने ट्रॅक्टरचं नाक उचलतं. सगळं झाल्यावर दांडा ओढला, तर टिलर डौलात वर उचलला गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लोवेलच्या खिडकीकडे बघून मी मुद्दाम हात झटकले.

कानांवर आवाज रोखणारे जाड टोप चढवले आणि सुरू केलं. सगळ्यात हळू गिअर, पाती फिरती, दांडा खाली. मागे वळून बघते तर काळीभोर माती, रव्यासारखी. दोन पट्टे झाले, चार झाले. बटाटे इथे, कांदे तिथे, मी मनात मांडत होते. कोपऱ्यात काय लावावं? आणि आईच्या पिओनी आठवल्या.

आईच्या शेतावर, घराकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेने तिने पिओनीची रांग लावली होती. ओंजळीत मावणार नाही एवढं एकेक गुलाबी फूल, कळ्यांवर मुंग्या फिरायच्या. मेच्या शेवटी मेमोरियल डेला आम्ही डब्यांत पाणी घालून ती फुलं घरच्या सगळ्या कबरींवर ठेवायचो. गेल्या शरदात माझ्या भावांनी शेत विकलं. नोव्हेंबरमध्ये आम्ही बघायला गेलो, तर घर पाडलेलं, वाट नाही, रांग नाही, नुसता सपाट चिखल. परतताना गाडीत मी डेलवर तुटून पडले. "चाळीस वर्षं जावई म्हणून जेवलास तिथे, एक गड्डा उपटून आणायचं सुचलं नाही तुला?" तो रस्त्याकडे बघत राहिला. ओठात हसल्यासारखं वाटलं, म्हणून मी आणखी बोलले. तीन आठवड्यांनी त्याचे शब्द गेले.

कोपऱ्याशी वळले तेव्हा डेल खुर्चीतून अर्धा उठलेला दिसला. डाव्या हातात त्या काठ्या धरून माझ्या दिशेने हलवत होता. तोंड उघडझाप करत होतं. ऐकू येत नसलं तरी काय म्हणतोय ते माहीतच होतं. लागला शिकवायला, मला वाटलं. जोरात घेतेय, खोल घेतेय, वेडंवाकडं घेतेय. मी पाठ फिरवली आणि दांडा आणखी एक खाच खाली दाबला.

टिलर दचकला. खाड्खाड् आवाज सीटमधून अंगात आला. कुंपणाजवळच्या मेपलच्या झाडाची मुळं असतील म्हणून मी थांबले नाही. पुढे गेले, वळले, दुसरा पट्टा घेतला. मग मागे पाहिलं.

मातीत पांढरे तुकडे पसरले होते. रताळी फोडून फेकल्यासारखे. त्यांच्या टोकांना कोंब फुटायचे लाल लाल डोळे होते.

शेतकऱ्याची पोर मी, ते डोळे मला झोपेतही ओळखता येतील. मी सीटवरून उडीच टाकली. सीट रिकामी होताच इंजिन आपोआप बंद पडलं. कानांवरचे टोप काढले, तर लोवेल घरातल्या सपाता तशाच घालून कुंपणापलीकडून ओरडत येत होता.

"थांब! व्हर्ना, थांब! तो कोपरा सोड!"

तो जवळ आला आणि खाली बघून मटकन बसला.

"हे काय आहे, लोवेल?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"तुझ्या आईचे. घर पाडायच्या आधी, सप्टेंबरात, डेलने आणि मी जाऊन खणून आणले. तीन गड्डे. मेमोरियल डेच्या सकाळी तुला इथे आणून उभं करणार होता. मला शपथ घातली होती त्याने. मग तो आजारी पडला, आणि मला वाटलं, शपथ मोडण्यापेक्षा मीच तुमची बाग नांगरतो, कोपरा वगळून..."

"आणि मी तुला हाकललं."

नोव्हेंबरातलं ते हसू, पानांचा तो थर, मुद्दाम खोचलेल्या काठ्या, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. चार महिने तो मला हेच सांगत असणार. रोज खिडकीशी बसून कोपऱ्याकडे हात करायचा. मी पडदा ओढून द्यायचे, ऊन लागतंय म्हणून.

मागून अजून आवाज येत होता. "नाही. नाही. नाही." आता ऐकू येत होता.

मी गुडघ्यांवर बसून माती चाळली. बराचसा लगदा झाला होता. डोळे शाबूत असलेले पाच तुकडे मिळाले. ते ॲप्रनमध्ये घेऊन मी डेलपाशी गेले. तो घामाने भिजला होता, काठ्या हातात तशाच घट्ट.

"डेल, मी मारले रे आईचे गड्डे. या हाताने मारले. तू सांगत होतास आणि मी पाठ फिरवली." मला रडू आवरेना. "पाच वाचलेत. यांना फुलं यायला तीन वर्षं लागतील. थांबशील ना तोवर? माझ्यासाठी थांबशील?"

"नाही," डेल म्हणाला.

मग मी त्याच्या हाताकडे बघितलं.

तो त्या तीन काठ्या माझ्यापुढे धरून होता. मी घेतल्या, तेव्हा त्याने ढिगाकडे बोट केलं आणि दोन बोटं वर करून आणखी दोन मागितल्या.