महादेव फिटरचं निवृत्ती खातं

महादेव कुवेतमध्ये मीना अल-अहमदी बंदरातल्या रिफायनरीत पाइप फिटर होता. २००३ साली त्याला पंचावन्नावं लागलं आणि म्हातारपणाची सोय करावी असं त्याच्या मनात आलं. कुवेत सिटीत तीन कंपन्या त्यासाठी निवृत्ती खातं उघडून देत. पैसे त्यांनी सांभाळायचे, त्यातून गावाकडची कोणती जागा घ्यायची ते आपण ठरवायचं, भाडं खात्यात साठायचं. पण तिन्हींतली निवडायची कोणती?

"नवा पाइप कसा तपासतोस?" मजीदनं विचारलं. त्याचं शहराजवळच्या रिग्गईत वाण्याचं दुकान होतं आणि दोघं एकाच खोलीत राहत.

"पाणी भरून दाब देतो. गळतो का बघतो."

"मग यांनाही दे."

म्हणून महादेवनं तिन्हीकडे एकेक खोटं गुपित भरलं. पहिल्या कंपनीतल्या शैलेशला हळूच सांगितलं, "हे केस नाहीत, टोप आहे." दुसरीकडच्या सुयोगला म्हणाला, "मला उंट घ्यायचाय. घरी ठाऊक नाही." तिसरीकडे विनिता होती. तिला म्हणाला, "मी झोपेत गातो."

विनितानं फॉर्म उलटून पाहिला. "त्याला रकाना नाहीये," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी जेवताना फोरमननं महादेवचे केस ओढून पाहिले. शुक्रवारी एक माणूस छोट्या ट्रकमधून उंट घेऊन मजीदच्या दुकानासमोर आला. त्याला नाही म्हणेपर्यंत उंटानं कोथिंबिरीची पेटी संपवली. गाण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

महादेवनं विनिताकडे सही केली आणि चिपळूणला एसटी स्टँडजवळचा एक गाळा निवडला. भाडेकरू मिळायचा होता. त्याची बायको ठकूबाई जाऊन बघून आली. गाळ्यासमोरच्या ओट्यावर ऊन छान येत होतं, तेव्हा यंदाची आमसुलं तिथंच वाळवायची असं तिनं ठरवलं.

"नियमात बसत नाही," विनिता म्हणाली. "खात्यातली जागा स्वतः वापरायची नाही. घरच्यांनीही नाही."

महादेवनं ते फोनवर कळवलं.

"जागा कुणाची?" ठकूबाईनं विचारलं.

"आपली."

"आमसुलं कुणाची?"

"आपलीच."

"मग अडचण कुणाची?"

महादेवनं फोन ठेवला. त्यानं विनिताला घरचा नंबर दिला. "मॅडम, तुम्हीच बोला."

विनिता तासभर बोलली. नियम तिनं तसूभरही सोडला नाही. पण त्या मे महिन्यात तीन करंड्या रातांबे एसटीनं पुण्याला गेले आणि विनिताच्या आईच्या गच्चीवर त्यांची आमसुलं झाली. माउली महिनाभर लाल हातांनी फिरत होती. गाळा जूनमध्ये एका चष्मेवाल्यानं भाड्यानं घेतला.