टर्की गेल्या, बोटी आल्या

मित्रांनो, मी ट्रॅक्टर आहे आणि जुना आहे. या दोन गोष्टींत तिळमात्र खोटं नाही. पुढे कुठे मीठमसाला जास्त पडला, तर म्हाताऱ्याची सवय म्हणून चालवून घ्या. माझा रंग लाल आहे; म्हणजे होता. आता काही ठिकाणी रंग आहे, बाकी सगळीकडे गंज.

कारखान्यातून मी आगगाडीत बसून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, निगार्ड कुटुंबाच्या शेतावर आलो. तिथे टर्की पाळत. टर्की म्हणजे कोंबडीची थोराड आणि मठ्ठ चुलत बहीण. त्यांचं खाद्य ओढायचं, लांबलचक शेडमधली घाण बाहेर काढायची, ही माझी कामं. एक टर्की तर माझ्या भोंग्याच्या प्रेमातच पडली. भोंगा वाजला की ती उत्तर द्यायची, नाही वाजला की दाणा सोडून रुसून बसायची. तिच्यापायी मी कित्येक दिवस विनाकारण बोंबलत हिंडलो. आणि थंडीचं काय सांगू! एका जानेवारीत माझी सावली अंगणातच गोठली. मी निघालो पुढे, ती तिथेच. शेवटी मालकांनी पहारीने उचकटून ती माझ्याजवळ आणून टाकली.

मालक हॅरोल्ड निगार्ड फार जपायचे मला. काम संपलं की आत घ्यायचे, अंग पुसायचे, धुराड्यात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर रिकामा डबा पालथा घालायचे. मग एका वर्षी मालक गेले. टर्की विकल्या गेल्या. मागे राहिल्या त्यांच्या बायको अर्लिसबाई, ती रिकामी शेड आणि मी.

शेत विकायचं नाही, हे अर्लिसबाईंनी ठरवलं होतं. पण पोट कशावर चालवायचं? आमच्या भागात पावलागणिक तळं आहे आणि घरागणिक बोट. कुणाकुणाकडे चाकांवरचं घरही असतं. उन्हाळाभर गाडीमागे जोडून माणसं त्यात हिंडत असतात. पण हिवाळ्यात तळी गोठतात, बर्फ छपराला टेकतं, आणि या बोटी न् घरं ठेवायची कुठे हा ज्याच्या त्याच्या घरी तंटा असतो. अर्लिसबाई एकदा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि भावाला म्हणाल्या, "डेल्मर, इथे लोकांच्या बोटी ठेवायच्या. हिवाळाभर, भाड्याने."

"टर्कींच्या जागेत? ताई, वास येईल की त्यांना!"

"बोटींना नाक नसतं."

"माणसांना असतं."

"मग माणसांनी बाहेर थांबावं. मी बोटी ठेवून घेणारे, माणसं नाही."

तो उन्हाळा शेड घासण्यात गेला. उंच घरं आत जावीत म्हणून पुढचं दार वाढवलं. टर्की गेल्या तरी उंदीर राहिलेच होते; प्रत्येक भोकात तारेचा काथ्या ठासला. उंदरांना तुम्ही हलकं समजू नका. पलीकडच्या गावात एका चाकांवरच्या घरात उंदरांनी हिवाळाभर असा थाटमाट केला होता, की वसंतात त्या घराचे मालक दार उघडून आत गेले आणि 'माफ करा' म्हणून परत फिरले!

म्हणून अर्लिसबाईंचे नियम कडक. नळांतलं, इंजिनातलं पाणी काढून आणायचं, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि फुगलं की लोखंडही फोडतं. गॅसची टाकी आत आणायची नाही. खाण्याचा कणही नको. त्या स्वतः कपाटं उघडून बघायच्या. लोर्नाबाई म्हणून गावातल्या एक बाई होत्या, त्यांचं घर म्हणजे चाकांवरचा वाडाच. त्याच्या कपाटात अर्धं बिस्किट निघालं. अर्लिसबाईंनी अख्खा वाडा परत पाठवला.

"अर्ध्या बिस्किटासाठी?" लोर्नाबाई म्हणाल्या.

"उंदीर पाव बिस्किटालाही नाही म्हणत नाही, लोर्ना."

बोटी आत लावणारा मी. ट्रेलर, म्हणजे बोट ठेवलेला चाकांचा गाडा, मागे जोडून ओढणं कुणालाही जमतं. तो उलटा ढकलत नेणं म्हणजे हट्टी बोकडाला शेपटीकडून दोरी बांधून बाजाराला नेणं. डावीकडे वळायचं तर चाक उजवीकडे फिरवायचं. मी एकेक बोट अशी बसवली की दोघींच्या मधून कागद सरकला नसता. लोक बघायला उभे राहायचे. पण सगळं आत गेलं, दार लागलं आणि मी बाहेरच राहिलो. छपराखालची वीत न् वीत गिऱ्हाइकांची झाली होती. धुराड्यावरचा डबाही कुणाच्या ध्यानात आला नाही. डेल्मर माझ्या टायरला लाथ मारून म्हणाला, "ताई, हे धूड वसंतात ट्रॅक्टरच्या दुकानदाराला देऊन टाकू. बदल्यात छोटं नवं यंत्र घेऊ." अर्लिसबाई काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे निम्मा होकार. मित्रांनो, तो अख्खा हिवाळा मी त्या निम्म्या होकाराखाली आणि पुऱ्या बर्फाखाली काढला.

आता चूक कुठे झाली ते ऐका. पानगळीत बोट आणणाऱ्या प्रत्येकाला अर्लिसबाई विचारायच्या, "वसंतात कधी हवी?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "अहो, केव्हाही. आमची काही घाई नाही." त्यांनी ते खरं मानलं. जी बोट आधी आली ती आधी आत घातली. शेडला दार एकच, पुढचं. मागे टर्कींसाठी मोठाले पंखे बसवलेली फळ्यापत्र्याची भिंत. म्हणजे पहिली आलेली बोट पार तळाला आणि बिस्किट काढून सगळ्यांत शेवटी परत आलेला लोर्नाबाईंचा वाडा दारात, बूच मारल्यासारखा!

मे महिन्यात एका शनिवारी आमच्याकडे वॉलाय नावाचा मासा धरायची बंदी उठते. तो दिवस म्हणजे सणच. त्या दिवशी ज्याची बोट पाण्यात नाही, त्याच्याशी लोक सुतक असल्यासारखं हळू बोलतात. त्या वर्षी तळ्यावरचं बर्फ फुटायला उशीर झाला. कुणीच आधी आलं नाही, आणि आदल्या शुक्रवारी सकाळी सगळं गाव फाटकाशी उभं! पण एक जण बोटीचं नाव काढेल तर शपथ. हातात थर्मासचे पेले घेऊन सगळे आभाळाकडे बघत होते.

"हवा बरी आहे."

"याहून वाईट असू शकली असती."

"असू शकली असती खरी."

डेल्मरने मला सुरू केलं आणि लोर्नाबाईंचा वाडा दाराबाहेर ओढला. पण जमिनीतलं बर्फ नुकतंच वितळलं होतं. अंगणात खडी घालायचं राहून गेलं होतं. वाडा दहा पावलं आला आणि चिखलाने त्याची चाकं आसापर्यंत गिळली. आता आत बोटी, दारात चिखल.

डेल्मर खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आज बोटी निघाल्या नाहीत, तर संपलं. हे लोक भांडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. पानगळीत नुसते येणार नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग शेत..."

"माहीत आहे म्हटलं ना!"

काही सुचेना, तेव्हा अर्लिसबाई घरात गेल्या आणि कॉफी न् लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन आल्या. सगळ्यांच्या पुढे म्हातारे ओरिनकाका उभे होते. तळ्यावर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं.

"काका, वडी घ्या."

"नको, नको. आत्ताच खाऊन आलो."

"घ्या हो, ताज्या आहेत."

"छे, उगाच कशाला?"

"एक तरी घ्या."

"बरं, तू एवढं म्हणतेस तर. अगदी छोटीशी." असं म्हणून काकांनी ताटातली सगळ्यांत मोठी वडी उचलली.

अर्लिसबाई ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. आमच्याकडची रीतच आहे ती. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा कशाला, तिसऱ्यांदा बरं. पहिल्याच नकाराला जो ताट उचलून नेतो, त्याच्या घरून सगळे उपाशी परततात. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "वडीला तीनदा विचारते मी. आणि बोटीला एकदाच विचारलं!"

मग त्यांनी ताट माझ्या बॉनेटवर ठेवलं. "काका, बोट कधी हवी?"

"अगं, केव्हाही. तुझी अडचण दिसतेच आहे."

"अडचण राहू दे. कधी हवी?"

"उगाच कशाला..."

"काका, कधी?"

ओरिनकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण डकोटाहून आलीय. नव्वदी उलटली तिची. कालपासून कोट घालून खुर्चीत बसलीय. उद्या तिला पाण्यावर न्यायचंय. पुढच्या वर्षाचं मी काही बोलत नाही." मग घाईघाईने, "पण कुणाला त्रास होत असेल तर राहू दे!"

ओरिनकाकांची बोट पहिली आलेली. म्हणजे अगदी तळाला, त्या पंख्यांच्या भिंतीला पाठ टेकून. चिखलात रुतलेल्या वाड्याजवळून लोर्नाबाईंचा बारीक आवाज आला, "मला काही विचारायला नको. आम्ही जूनशिवाय हलतच नाही. खरं तर जुलै."

अर्लिसबाई शेडला वळसा घालून मागे गेल्या. मागे उंचवट्यावर, खाद्याचे ट्रक यायचे तो जुना खडीचा रस्ता होता; कोरडा, टणक, सरळ तळ्याच्या वाटेला लागणारा. त्यांनी भिंतीवर थाप मारली.

डेल्मर म्हणाला, "ताई, नाही हं! दाजींनी स्वतः उभारलेली भिंत आहे ती."

"टर्कींना वारा लागावा म्हणून उभारलेली. छप्पर तिच्यावर नाही, बाजूच्या खांबांवर आहे. आण त्याला इकडे."

'त्याला' म्हणजे मला! चिखलातून मी कसा निघालो ते माझं मलाच ठाऊक नाही. वाटेत एक टायर चिखलाने ठेवून घेतला होता, तो मी हिसकावून आणला. आधी त्यांनी कोपऱ्यांतले खिळे उपसले, मग भिंतीला साखळी जोडली. मी दम घेतला. पहिल्या ओढीला पंखे खुळखुळले. दुसरीला पृथ्वी किंचित माझ्याकडे सरकली. त्या दिवशी दुपार जरा लवकर झाली ती त्यामुळेच. तिसऱ्या ओढीला भिंत अख्खीच्या अख्खी, चटई अंथरावी तशी गवतावर आडवी झाली. शेडमध्ये दुसऱ्या टोकाकडून ऊन शिरलं, आणि त्या उन्हात सगळ्यांत पुढे होती ओरिनकाकांची हिरवी बोट.

मग काय! पहिली आली ती पहिली निघाली. अर्लिसबाई प्रत्येकाला तीनदा विचारत गेल्या, खरी तारीख काढत गेल्या. कुणी फळ्या उचलल्या, कुणी लोर्नाबाईंच्या वाड्याखाली ओंडके घातले. ऊन उतरायच्या आत शेवटची बोट तळ्याच्या वाटेला लागली. दुसऱ्या दिवशी ओरिनकाकांच्या बहिणीने मासा धरला. तो ट्रॅक्टरएवढा होता असं मी म्हणत नाही, काका म्हणतात.

सोमवारी डेल्मरने दुकानदाराला फोन केला. "येऊ नका. नाही, नाही, मोडला नाही तो. आमचीच अक्कल जरा दुरुस्त झालीय."

उन्हाळ्यात अंगणात खडी पडली. पाडलेल्या भिंतीच्या जागी सरकतं दार आलं. पानगळीत बोटींची रांग फाटकाबाहेर गेली आणि शेड भरली. फक्त पुढच्या दाराशी एक जागा उरली होती. एक पाहुणा चकचकीत नवी बोट घेऊन आला आणि त्या जागेकडे हात करू लागला.

"ती जागा भरलीय," अर्लिसबाई म्हणाल्या.

"कुठे भरलीय? मला तर मोकळी दिसते."

"तो कामावर गेलाय. येईल संध्याकाळी."

मित्रांनो, तेव्हा मी फाटकाशी एक बोट ओढत होतो. ऐकलं आणि माझ्या इंजिनाचा ठोका चुकला. आम्हां यंत्रांना फार काही लागत नाही. थोडं तेल, एक फडकं, डोक्यावर पत्रा. पावसात ठेवलंत तर आम्ही कुरकुर करत नाही. एखाद्या सकाळी नुसते सुरू होत नाही, आणि मग तुम्ही म्हणता, बिघडला. मला आता आत यायला दार आहे. तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला आहे का, तेवढं आज बघून या.