चेंडू कप्तानाकडेच

हल्लीच्या पोरांत दम नाही, अशी तक्रार आपल्याकडे कोणत्याही कचेरीत ऐकू येते. वर्ध्याकडच्या एका कापडगिरणीत १९७८ च्या सुमारास ती सर्वांत जास्त मधुकररावच करत. ते गिरणीच्या बास्केटबॉल संघाचे कप्तान. खेळासाठीच त्यांना नोकरी मिळालेली, हजेरी-ऑफिसात खुर्ची आणि दुपारनंतर सरावाला मोकळीक. चाळिशी आली, गुडघे कुरकुरू लागले; पण संघातली जागा सुटली की खुर्चीही सुटणार, या धास्तीनं ते मैदानाला चिकटून होते.

नवी पोरं तयार करायचं कामही त्यांच्याचकडे होतं, आणि इथंच पाणी मुरत होतं. ते पोरांना धावायला शिकवत, पास द्यायला शिकवत. बास्केटवर नेम धरायला मात्र कधीच नाही. कोणी तसा प्रयत्न केला, की शिट्टी वाजे.

“बॉल मले देजो. बास्केट मारासाठी मी आहो ना.”

जवळच्या आंजी गावचा तानबा त्या पोरांपैकीच एक, उंच आणि लांब हातांचा. तो बदली कामगार होता. खेळ दिसला तर कायम, नाही तर घरी.

त्या वर्षी अंतिम सामन्यात मधुकररावांचा गुडघा धरला आणि ते बाकावर येऊन बसले. सामना बरोबरीत होता. शेवटच्या क्षणी तानबा बास्केटखाली मोकळा सापडला, चेंडू हातात, अडवायला कोणी नाही. पण सवयीनं त्यानं मान वळवून कप्तानाला शोधलं. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू हिसकावून पलीकडे बास्केट मारला, सामना गेला आणि लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या साहेबांनी विचारलं, “तो आंजीचा पोरगा कसा आहे?”

“कच्चा आहे, साहेब,” मधुकरराव म्हणाले. तानबाला त्याच दिवशी घरी पाठवण्यात आलं.

संध्याकाळी मधुकररावांच्या घरी बापूजी आले. हे संघाचे जुने कप्तान, त्यांनीच मधुकररावांना घडवलं होतं.

“तानबाले तू कच्चा म्हनलास म्हने. कच्चा ठेवला कोनं त्याले?”

मधुकररावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“तुले मी हात धरून शिकवलं, मधू. तू शिकला अन् माही जागा गेली. मी कताई खात्यात मशीनवर गेलतो. कसं वाटलं, इचारलं काय कधी?”

“कसं वाटलं, बापूजी?”

“वाईट वाटलं. खोटं काऊन सांगू? पन तू बास्केट मारला का बाजूचा मानूस मले म्हने, तुमच्या हातचा पोट्टा आहे न हा? त्याच्यावरच जगून राह्यलो मी. तुह्या हातचा म्हनून दाखवाले एक तरी पोट्टा आहे काय?”

मधुकररावांची मान खाली गेली. इतक्या वर्षांत किती पोरं आली आणि गेली, साऱ्यांना त्यांनी कच्चं ठरवलं होतं! स्वतःच्या घरात, दाराआडून ऐकणाऱ्या बायकोपुढं त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

सकाळी भरल्या ऑफिसात ते साहेबांसमोर उभे राहिले. “पोरगा कच्चा नाही, साहेब. मीच त्याला नेम धरू दिला नाही. माझी जागा जाईल म्हणून. त्याला परत घ्या. मी यापुढं खेळणार नाही.”

साहेबांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. खुर्ची त्याच आठवड्यात गेली. कताई खात्यात रुजू होण्याआधी मधुकरराव आंजीला गेले आणि तानबाला घेऊन आले. वाटभर त्यांना त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. मैदानात मात्र त्यांनी त्याला बास्केटसमोर उभं केलं.

तानबा घुटमळला. “बॉल कोनाले देऊ, कप्तानजी?”

“कोनालेच नाई, बाप्पा. तू मार.”

पहिला चेंडू कडीला लागून बाहेर पडला. मधुकररावांनी तो धावत जाऊन आणला आणि पुन्हा त्याच्याच हाती दिला.

मित्रहो, हातचं राखून शिकवणं ही चोरीच आहे. तिची कुठं फिर्याद होत नाही, म्हणून आपण सारे उजळ माथ्यानं फिरतो. ज्याला शिकवायचं, त्याला पुरतं शिकवावं. त्यानं आपली जागा घेतली, तर आपलं शिकवणं फळाला आलं असं समजावं.