बँकेची भिंत

त्र्यंबकरावांनी फ्रिजवरचं घड्याळ उचललं आणि हॉलच्या भिंतीला टेकवलं. मागे सरून कसं दिसतं ते बघायचं, तर घड्याळ धरणार कोण? त्यांनी ते परत फ्रिजवर ठेवलं.

ठाकुर्लीच्या या घरात येऊन अकरा वर्षं झाली, पण भिंतीला एक खिळा नव्हता. त्याआधीचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. तिथे खिळ्याचा ठोका ऐकला की घरमालक अंगावर धावून यायचा. आता घरमालक बँक. कर्ज फिटेपर्यंत भिंत तिची, हा त्र्यंबकरावांचा कायदा. त्यामुळे घड्याळ फ्रिजवर, आरसा खुर्चीत आणि आईवडिलांचे फोटो कपाटात पालथे. त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी, त्यावर कधी हूं की चूं केलं नव्हतं.

निवृत्तीचे पैसे हातात आले होते. सोमवारी बँकेत जाऊन कर्ज एकदम फेडायचं, की पैसा गाठीशी ठेवून हप्ते चालू द्यायचे, एवढंच ठरायचं होतं. फेडलं तर भिंत आपली, पण हात रिकामे.

फोन वाजला. माजिवड्याहून मुलगा, मुकुल. हॉलमध्ये वासंतीबाईंचा डोळा लागला होता, म्हणून ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"बाबा, सगळेच्या सगळे नका ना टाकू. उद्या कोणी आजारी पडलं तर काय भिंत विकणार?"

"अरे, पण घर आपलं व्हायला नको?"

"आपलंच आहे ना! आईला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. आवाज चढणार असं वाटून त्यांनी दार लोटलं. हे दार कायम उघडं, पिठाच्या डब्याने अडवलेलं असायचं. डबा आज धुऊन उन्हात ठेवला होता.

दारामागच्या भिंतीवर सगळा संसार टांगलेला होता. वासंतीबाईंच्या आईचा फोटो. मुकुलने बालवाडीत काढलेला पाच पायांचा बैल. लग्नातला फोटो, त्यात नवरदेव घाबरलेला. आणि मधोमध, कपाटात पालथे असायला हवे होते ते त्यांचे आईवडील, चंदनाचा हार घालून. काही खिळे गंजलेले, एक अगदी नवा.

"बाबा? ऐकताय ना?"

त्र्यंबकरावांनी पायांतल्या सपाता काढल्या. का काढल्या ते त्यांनाही कळलं नाही.

दार किलकिलं करून वासंतीबाई आत आल्या.

"पाहिलंत एकदाचं."

"हे कधी ठोकलंस?"

"पहिला, राहायला आलो त्याच दिवशी. तुम्ही गच्चीवर टाकी बघायला गेला होतात."

"पण बँकेची..."

"बँक कधी आली का इथे पोळ्या लाटायला?"

अकरा वर्षं ते बँकेच्या घरात राहत होते आणि ही बाई स्वतःच्या. त्यांना तिच्याकडे नुसतं बघत राहावंसं वाटलं.

"हातोडी कुठली?"

"हातोडी कशाला? खलबत्त्यातला बत्ता आहे की."

त्यांनी फोन कानाला लावला.

"मुकुल, सोमवारचं राहू दे रे. हप्ते चालू देत."

मग हॉलमध्ये जाऊन त्यांनी घड्याळ उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"जरा धर गं. मी मागून बघतो."

वासंतीबाईंनी टाचा उंचावून घड्याळ भिंतीला लावलं. त्र्यंबकराव मागे सरकत पार दारापर्यंत गेले.

"अजून वर घेऊ का?" वासंतीबाईंनी विचारलं.

त्र्यंबकरावांचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "थांब अशीच थोडा वेळ."