नारळ शाबूत राहिला

मी गजराज बोलतोय. दचकू नका, हत्ती नाही, गाडी आहे. बदलापूरला मांजर्लीतल्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी उभा असतो. पुढचा बंपर फुटलाय ना, तोच मी. हसा, हसा. सगळेच हसून गेलेत.

माझी रड कारखान्यातच सुरू झाली. टाय लावलेले दोन साहेब माझ्याभोवती फिरत होते. एक म्हणाला, "पत्रा अजून पातळ चालेल. दाराचं रबर एकेरी करा. आणि बंपर लोखंडी कशाला? प्लॅस्टिकला चंदेरी रंग मारा."

"लोक ओरडतील, सर."

"अहो, लोक पत्रा बघत नाहीत, नाव बघतात."

मग माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ते नाव लावलं. जुन्या गाड्यांना म्हणे स्क्रूने बसवायचे. मला गोंदाने चिकटवलं.

ते नाव बघूनच दिनानाथ आले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी, शब्दाचे पक्के. त्यांचा मुलगा अनीश म्हणत होता, "बाबा, दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या बघा तरी!" ऐकतील तर शपथ. "या घरात येईल तर गजराजच. माझा शब्द आहे. काही झालं तर मला बोल."

त्यांचं तरी काय चुकलं? अनीश शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे जुना गजराज होता. उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं तेव्हा तो बोनेटपर्यंत बुडाला. गाळ धुतला, उन्हात सुकवला, दुरुस्तीला नेला, आणि गडी परत हजर! दर दसऱ्याला त्याच्या लोखंडी बंपरवर नारळ फुटायचा. एका फटक्यात दोन भकलं. कंपनीसुद्धा जाहिरातीत हेच दाखवते. बंपरवर नारळ फुटतो आणि मागून आवाज येतो, "तोच गजराज!"

जुनी द्या, नवी घ्या, अशी स्कीम होती. शोरूमच्या दारात आम्ही दोघे शेजारी उभे होतो, तो पोचे पडलेला आणि मी चकाचक. दिनानाथांनी त्याच्या बोनेटवर थाप मारली, डोळे पुसले आणि माझ्यात येऊन बसले. तो मला एवढंच म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे. त्याची मान खाली जाऊ देऊ नकोस." मला माझा पत्रा माहीत होता.

थोड्याच दिवसांत माझा डॅशबोर्ड खडखडायला लागला. दिनानाथ काय करायचे ठाऊक आहे? अनीश गाडीत बसायच्या आधी फटीत कागदाची घडी कोंबायचे. डिकीचं हँडल हातात आलं, ते गुपचूप चिकटवलं. दारातून पाणी झिरपून पायाखाली तळं झालं, तर "मीच काच उघडी ठेवली होती" म्हणून आळ स्वतःवर घेतला. त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, सगळं दिसत होतं.

"अहो, किती पांघरूण घालाल?"

"गप गं. नवा आहे, रुळेल."

कसला रुळतोय! आला दसरा. सगळी सोसायटी खाली जमली. हळदीकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, चाकाखाली लिंबं ठेवून झाली. दिनानाथांनी सवयीने नारळ उचलला आणि "मोरया!" म्हणत माझ्या बंपरवर हाणला. कडाड! नारळ त्यांच्या हातात तसाच. बंपर मात्र उभा चिरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अनीश म्हणाला, "बाबा, नारळ मजबूत निघाला हां. हाच घ्यायला पाहिजे होता."

दिनानाथांची मान खाली गेली ती तेव्हा.

सर्व्हिस सेंटरमधला पोरगा म्हणाला, "अंकल, बंपर दिसायला असतो. त्यावर नारळ कोण फोडतं?"

"तुम्हीच फोडता ना जाहिरातीत?"

"ते ग्राफिक्स असतं, अंकल."

तिथून त्यांनी मला तडक उल्हासनगरला नेलं. जुना गजराज तिथल्या एका भंगारवाल्याकडे गेल्याचं त्यांना शोरूममध्ये कळलं होतं. भंगारवाला म्हणाला, "अरे साईं, वो गाडी तो कब की कट गई. सिर्फ बंपर पडा है. ब्लेड खराब करता है, इसलिए छोड दिया." दिनानाथांनी तो उचलला, माझ्या मागच्या सीट पाडून आडवा ठेवला. घरी येईपर्यंत मी खडखडायची हिंमत केली नाही.

यंदाच्या दसऱ्याला टाकीच्या कट्ट्यावर तो बंपर मांडला. हळदीकुंकू त्याला, नारळही त्याच्यावरच. एका फटक्यात फुटला. सुनंदाबाईंना माझी दया आली असावी, दुसरा हार घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. दिनानाथ म्हणाले, "जपून घाल. त्याचा रंग निघतो." त्यापेक्षा लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं.

परवा इथेच कट्ट्यावर अनीशने विचारलं, "बाबा, माझ्यासाठी गाडी बघतोय. कुठली घेऊ?" मला वाटलं, आता तरी तावातावाने भांडतील. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "घे कुठलीही. सगळ्या सारख्याच."

ऐकलंत ना, साहेब लोकांनो? माझ्या जिवावर तुम्ही रबर वाचवलंत, पत्रा वाचवलात, स्क्रूसुद्धा वाचवलेत. आता माझं एवढंच ऐका. या आणि माझ्या पाठीवरचं ते नाव काढून न्या. फार कष्ट पडणार नाहीत. गोंदानेच तर चिकटवलंय.