उठलेलं मोहोळ

बंडोपंत एसटीतून खाली उतरले आणि त्यांच्यामागून आणखी कुणीतरी उतरलं. रविवारी सकाळी ताम्हिणीच्या अलीकडच्या या थांब्यावर त्यांच्याखेरीज सहसा कुणी उतरत नसे. गाडी धूर सोडत घाटाकडे निघून गेली. धुरळा बसल्यावर त्यांनी वळून पाहिलं. चार हातांवर मनीष उभा होता. पाठीला सॅक, डोक्यावर तीच जुनी टोपी. तो स्वारगेटपासून मागच्या बाकावर बसून आला असणार. बंडोपंत भूगावला चढले ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते.

"बाबा," मनीष म्हणाला.

"मी तुमचा बाबा नाही."

"तुम्ही फोन उचलत नाही. घरी आलो तर दार उघडत नाही. म्हटलं, रविवारी इथं तरी भेटाल."

"भेटलो. आता परत जा."

"परतीची गाडी दुपारची आहे. तुम्हालाही माहीत आहे."

त्यांची मुलगी जुईली छोट्या गौतमीला कडेवर घेऊन भूगावच्या फ्लॅटवर कायमची राहायला आली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आली तेव्हा जुईलीच्या ओठाला टाके होते. त्या दिवसापासून बंडोपंत मनाशी एकच गोष्ट घोळवत आले होते. हा माणूस समोर आला, की काही न बोलता याच्या मुस्काटात भडकवायची. आता तो समोर होता आणि त्यांचा हात काठीच्या मुठीवर नुसताच आवळला गेला होता.

थांब्याला लागूनच रंभाबाईंचं चहाचं खोपट होतं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आगं बया! लई दिसांनी आली सासरा-जावयाची जोडी. बसा की, च्या टाकते."

दोघांपैकी कुणीच बसलं नाही. रंभाबाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आन् पंत, आज कड्याच्या अंगाला जाऊ नगा. काल पुण्याच्या पोरांनी तितं जाळ केला. मोहोळ उठलंय. आमचं वासरू फोडून काढलंया माश्यांनी."

एरवी बंडोपंतांनी त्यांचा शब्द मोडला नसता. पण तिथं थांबायचं म्हणजे दुपारपर्यंत या माणसाच्या शेजारी फळीवर बसायचं. त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत सारली आणि ते वाटेला लागले. थोड्याच वेळात मागून बुटांचा आवाज आला.

आधी कातळाचा लांबलचक सडा लागतो. फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून पिवळंधमक होतं आणि त्यातून खडक डोकं काढतात. बंडोपंत साठी ओलांडलेले असले तरी सड्यावर त्यांची चाल भल्याभल्यांना झेपत नसे. बायको गेल्यावर त्यांनी हा रविवारचा नाद लावून घेतला होता. एसटीने यायचं, सडा तुडवायचा, रानातून कड्यापर्यंत जायचं, दुपारच्या गाडीने परतायचं. मनीष त्यांना या गाडीतच भेटला होता. अमरावतीकडचा मुलगा, हिंजवडीत नोकरी, पुण्यात सख्खं कुणी नाही. वर्षभर रविवारी दोघं मिळून फिरले आणि एक दिवस कड्यावर बसून डबा खाताना बंडोपंतांनीच विषय काढला, "आमची जुईली आहे." लग्नानंतरही रविवार चुकले नाहीत. सोसायटीत लोक म्हणत, पंतांना मुलगा नव्हता, तो देवाने असा दिला. ते ऐकायला त्यांना आवडे.

"एक तर पुढे व्हा, नाहीतर मागे राहा," ते न वळता म्हणाले. "बरोबर चालू नका."

"वाट एकच आहे."

"मग मागे राहा."

"गौतमीला एकदा भेटू द्या. तासभर. तुमच्या समोर."

"वकिलाशी बोला."

"वकिलाशी बोलून कंटाळलो, म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही जुईलीला सांगितलंत तर ती ऐकेल."

बंडोपंतांनी पाय उचलले. सडा संपून रान सुरू झालं तसं ऊन तुटलं. हिरडा, अंजनी आणि माणसाच्या डोक्याहून उंच कारवी. कारवीत शिरल्यावर मागचा माणूस दिसत नाही, एवढंच त्यांना हवं होतं. वाट कड्याकडे वळली तशी जळक्या पाल्याचा दर्प नाकात गेला आणि कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. त्यांना रंभाबाई आठवल्या. तरीही ते दहा-पंधरा पावलं पुढे गेले, कारण थांबलं असतं तर मनीषने गाठलं असतं.

पहिली माशी कानामागे डसली. मग मानेवर, मग पापणीवर. त्यांनी टोपी काढून झाडायला सुरुवात केली आणि तिथेच चूक झाली. आवाज एकदम अंगावर आला. ते धावले, मुळाला ठेच लागून तोंडावर आपटले, काठी कुठंतरी उडाली. मागे वळून पळायला मनीषला वाट मोकळी होती. सडा फार लांब नव्हता. बुटांचा आवाज आला तो मात्र पुढच्या दिशेने, त्यांच्याकडे. पाठीवर काहीतरी जाड आणि जड पडलं. डबा खाताना अंथरायची सॅकमधली सोलापुरी चादर. पाठोपाठ मनीष स्वतःच अर्धामुर्धा चादरीखाली शिरत त्यांच्या अंगावर पडला आणि चादरीच्या कडा हातापायांखाली दाबून धरू लागला.

"हलू नका."

चादरीच्या आत अंधार, उकाडा, घामाचा वास. वरून माश्या आदळत होत्या, पत्र्यावर वाळू फेकावी तशा. चार-पाच आतही शिरल्या होत्या. मनीष चिरडत होता त्या, दात आवळून. त्याचा उजवा हात बंडोपंतांच्या खांद्यावरून जाऊन चादरीची कड जमिनीशी दाबून होता. त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

"हा हात काढा," बंडोपंत म्हणाले.

"काढला तर चादर उघडी पडेल."

"याच हाताने मारलंत तिला."

"हो."

बंडोपंतांना मान वळवता येत नव्हती. नाकातोंडात माती गेली होती.

"मी केलं ते केलं," मनीष पुटपुटला. त्याचा ओठ सुजत चालला असावा, शब्द जड येत होते. "कोर्टातही तेच सांगणार आहे. पण टाके पडले ती पहिली वेळ नव्हती, बाबा. त्याआधी ती तुमच्याकडे आली होती. गणपतीच्या आधी."

"रुसून आली होती. नवरा-बायकोत कुरबुरी होतातच."

"गालावर वळ होता."

"तिने मला काही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतंत?"

माश्यांचा आवाज थोडा दूर गेला, परत जवळ आला.

"दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिला रिक्षाने आणून सोडलंत. चहा घेतलात. मी मान वर करून बघत नव्हतो. पुढच्या रविवारी आपण इथंच आलो, याच वाटेने. दिवसभर मी वाट बघत होतो. आता बोलतील, मग बोलतील, एक थोबाडीत देतील. तुम्ही मला थालीपीठ वाढलंत. शेकरूचं घरटं दाखवलंत." तो थांबला. "मला वाटलं, चालतं."

"स्वतःचं पाप माझ्या गळ्यात बांधू नका!"

"नाही बांधत. माझं माझ्याजवळच आहे."

बंडोपंतांची मूठ छातीखाली अडकली होती. ती त्यांनी आवळली. मारायला जागा नव्हती. थोड्या वेळाने ती आपोआप सैल झाली.

उन्हं कलायला लागल्यावर रंभाबाई आणि त्यांचा दीर कोंडाजी अंगावर घोंगड्या घेऊन शोधत आले. "व्हय, हितंच हायेत," कोंडाजी ओरडला. तोवर माश्या बसल्या होत्या. चादर काढली तेव्हा मनीषचं तोंड ओळखू येत नव्हतं. दोन्ही डोळे मिटले होते, मान आणि हात टरारून सुजले होते. बंडोपंतांना मोजके दंश होते.

"सांगितलं व्हतं का न्हाई?" रंभाबाई करवादल्या. "सासऱ्यापायी पोरगं पार फुटलं की! धरा त्येला, दिसंना झालंय त्येला."

बंडोपंतांनी त्याचा दंड धरला. सड्यावरून थांब्यापर्यंत त्यांनी त्याला तसंच आणलं. दगड आला की "पाय उचला" म्हणत, बाकी एक अक्षर नाही. परतीची गाडी मिळाली. पौडला उतरून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. दोघांना इंजेक्शनं दिली गेली. मनीषला रात्रभर ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या खोलीवरच्या मित्राला फोन करून बंडोपंत निघाले तेव्हा तो आवाजाच्या रोखाने तोंड करून म्हणाला, "गौतमीचं सांगाल ना?"

"नाही," बंडोपंत म्हणाले आणि बाहेर पडले.

भूगावला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जुईलीने दार उघडलं आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, डबीतला चुना आणला आणि मानेवर लावायला घेतला. आत गौतमी टीव्हीसमोर बसली होती.

"एकटेच होतात? काही झालं असतं म्हणजे?"

"मनीष होता. चादर टाकली त्याने अंगावर. तो दवाखान्यात आहे."

तिचं बोट थांबलं. मग ते पुन्हा फिरू लागलं, पण आता जरा जोराने.

"बरं केलं त्याने," ती म्हणाली. "आता तुम्ही म्हणाल, बघ, मुलगा वाईट नाही. भेटू दे गौतमीला. मिटवून टाक."

"नाही म्हणणार."

"मग?"

बंडोपंतांनी तिचा हात मानेवरून बाजूला केला. एक डोळा सुजून बंद होत आला होता. दुसऱ्याने त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

"त्या वर्षी गणपतीच्या आधी तू एक रात्र राहायला आली होतीस," ते म्हणाले. "मी तुला सकाळी परत सोडलं. त्या रात्री तू काय सांगायला आली होतीस?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तशी जुईली आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. गौतमीचा टीव्ही तिने बारीक केला. ती परत येईल की नाही ते कळेना. बंडोपंत खुर्चीतच बसून राहिले.

मग ती आली. हातात चुन्याची डबी नव्हती. समोरची खुर्ची तिने ओढली, पण जवळ नाही, जराशी लांबच ठेवून ती बसली.

"तुम्ही मधे बोलायचं नाही," ती म्हणाली.