तिचं बोलणं संपेपर्यंत

त्या वसाहतीत सगळं होतं. उंच कुंपण होतं, गेटवर रात्रंदिवस वॉचमन होते, पोहायला तलाव होता आणि त्या तलावात कुणी पोहू नये म्हणून नियमांची भली मोठी पाटीही होती. नव्हती ती फक्त रेंज. टेकडीच्या पायथ्याशी, खोलगट जागेत कुणा शहाण्याने इमारती बांधल्या आणि लोकांनी हौसेने घरं घेतली. घर बघायला आले तेव्हा नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, पण खिशातला फोन काढून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. राहायला आल्यावर मग बसले कपाळाला हात लावून.

हळूहळू प्रत्येक घराने आपापली जागा शोधून काढली. कुणाची गॅलरीच्या कोपऱ्यात, कुणाची जिन्याच्या वळणावर, एका बिचाऱ्या वकिलाची तर न्हाणीघरात. फोन त्या जागेवरच ठेवायचा, वाजला की हातातलं टाकून तिकडे धावायचं आणि मान न हलवता उभं राहायचं. मान जरा वळली की आवाज गेलाच म्हणून समजा. समोरच्या इमारतीतलं कोण कुठल्या खिडकीत उभं राहतं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि त्यातूनच एक रीत पडून गेली होती. खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. खालून हात हलवायचा, 'चालू द्या' म्हणून खूण करायची आणि आपल्या वाटेने जायचं. इतक्या मुश्किलीने लागलेला फोन कोण कशाला तोडेल?

सेक्रेटरीच्या बायकोची जागा होती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, फ्रिज आणि ओटा यांच्यामधल्या फटीत. अंग चोरून आत शिरायचं, कपाळ खिडकीच्या गजांना टेकवायचं, की चौथ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावरून तिचा आवाज परदेशातल्या लेकीपर्यंत स्वच्छ पोचायचा. सेक्रेटरी म्हणजे तिचा नवरा. सेक्रेटरीपद जाऊन जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वसाहतीत टॉवर येऊ दिला नाही तो यानेच. त्याचीच इमारत सगळ्यांत उंचावर, म्हणून कंपनीची माणसं गच्चीवर टॉवर बसवू द्या म्हणून आली होती. ह्याने सभेत टॉवरमुळे होणाऱ्या आजारांची कुठली कुठली कात्रणं वाचून दाखवली, लोकांना घाबरवून सोडलं आणि त्या माणसांना आल्या पावली परत पाठवलं. बायको तेव्हा म्हणाली होती, येऊ दे की टॉवर, मला लेकीशी जरा बसून तरी बोलता येईल. उभं राहिलं की तब्येत चांगली राहते, असं म्हणून तो हसला होता. तीही हसली. नवऱ्याच्या विनोदांना हसायची तिला सवयच होती.

आणि मग ती दुपार.

सेक्रेटरी भाजी घेऊन गेटातून आत आला आणि इमारतीखालच्या बाकावर जरा दम खायला टेकला. मान वर करून बघतो तो बायको खिडकीत, कानाला फोन, कपाळ गजांना टेकलेलं. लेकीचा फोन लागलेला दिसतोय, तो मनात म्हणाला. आता आपण वर गेलो की दार वाजणार, पिशवी ओट्यावर आपटणार, चहा मागितला जाणार, आणि ही बाई आपल्यासाठी फोन आटोपता घेणार. त्यापेक्षा बसू इथेच. जन्मात क्वचितच त्याने बायकोचा असा विचार केला होता, आणि केला तो नेमका त्या दिवशी. त्याने हात वर करून खूण केली, बोल, निवांत बोल. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या मास्तरीणबाई तिथून गेल्या. त्यांनीही वर पाहिलं आणि हात हलवला. आज वहिनींचं बरंच रंगलंय, असं माळीसुद्धा जाता जाता म्हणाला.

ऊन खिडकीवरून सरकलं तरी ती उभीच. शेवटी चहाची तल्लफ अनावर झाली तेव्हा सेक्रेटरी वर गेला. दोन हाका मारल्या, खांद्याला हात लावला, आणि हात चटका बसल्यागत मागे घेतला. खांदा गार होता. फ्रिज आणि ओटा यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं, फोनच्या हाताचं कोपर फ्रिजला अडकलं होतं, म्हणून ती पडली नव्हती इतकंच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. नक्की केव्हा, ते काही सांगता येत नाही.

'लेकीशी बोलता बोलता गेली,' भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सेक्रेटरी सांगायचा. सुखात गेली, लेकीचा आवाज कानात घेऊन गेली. लोक माना डोलवायचे. लेक मिळेल त्या विमानाने आली होती, ती शेजारी बसून खाली मान घालून ऐकायची आणि काही बोलायची नाही. तिला बोलवत नसेल, असं लोकांना वाटायचं. बायकोचा फोन सेक्रेटरीने बंद करून कपाटात तिच्या कपड्यांखाली सारून दिला, आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

लेक परत गेली. घर खायला उठायचं, म्हणून तो दुपारचा खाली बाकावर जाऊन बसू लागला. एके दिवशी सवयीने मान वर केली, तर ती खिडकीत होती.

कानाला फोन. कपाळ गजांना टेकलेलं.

घाबरला नाही तो. खरं सांगायचं तर त्याच्या जिवाला बरं वाटलं. त्याने हात वर केला, बोल, निवांत बोल, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत बसून राहिला. ऊन खिडकीवरून सरकलं तशी ती दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते, आणि तेही काही खोटं नसतं. वर गेल्यावर मात्र तो त्या फटीकडे फिरकायचा नाही. खिडकी लावायची झाली तरी लांबून काठीने ढकलायचा. ती जागा तिची होती. लेकीशी बोलायला तो गेटवर वॉचमनच्या खोलीत जायचा.

अशात टॉवरचा विषय पुन्हा निघाला. ह्या खेपेला अख्खी वसाहत एका बाजूला. फक्त वरच्या मजल्यावरच्या घरमालकांची संमती हवी होती, आणि सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की सेक्रेटरी पहिली सही ठोकणार. ज्याची बायको अशी गेली तो कशाला अडवेल? पण पठ्ठ्याने चक्क नाही म्हणून सांगितलं. कारणं तीच जुनी, तीच विटलेली कात्रणं. लोक म्हणाले, काय माणूस आहे की दगड!

त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरोघरी, खोलीखोलीत रेंज आली तर खिडकीत उभं कोण राहणार? आणि कुणीच उभं राहीनासं झालं, तर तिलाही तिथे उभं राहायचं कारण काय उरलं? टॉवर आला की ती जाणार. एकदा गेली ती त्याला नकळत गेली होती. आता पुन्हा तिला घालवायची, आणि तीही आपल्या सहीने, हे त्याच्याने होणार नव्हतं.

मग एका सकाळी मास्तरीणबाई धापा टाकत चार मजले चढून आल्या. लिफ्ट बंद होती. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या. एकट्याच राहायच्या त्या.

'सेक्रेटरी, त्या दुपारी मीही हात हलवला होता,' त्या म्हणाल्या. 'ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उद्या मी अशीच माझ्या खिडकीत उभी दिसले, तर तुम्ही काय कराल?'

तो टेबलावरची कात्रणं सारखी करू लागला.

'हात हलवाल,' त्या म्हणाल्या. 'दुसरं काय करणार?'

त्या गेल्यावर तो टेबलापाशी बसून ढसाढसा रडला. मग उठला, तोंड धुतलं, आणि खाली जाऊन सही करून आला.

टॉवर उभा राहिला, आणि सुरू झाला त्या दिवशी वसाहतीचं रूपच पालटलं. लोक पलंगावर लोळत बोलू लागले, वकील न्हाणीघरातून सुटला, खिडक्या एकजात रिकाम्या पडल्या. दुपारी सेक्रेटरी बाकावर येऊन बसला. वर बघायचा धीर होईना. शेवटी देवाचं नाव घेऊन त्याने मान वर केली.

ती होती.

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. गेली नाही, माझी बाय गेली नाही, असं तो पुटपुटत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्या बाकावर बसल्या बसल्या फोन वाजायची ही पहिलीच वेळ. लेक होती. रेंज आली का बघत होती. कुठे आहात, जेवलात का, औषध घेतलंत का, अशी तिची सरबत्ती चालू असताना सेक्रेटरीचं लक्ष सगळं वरच्या खिडकीत होतं, आणि त्याला एकाएकी काहीतरी खटकलं. लेक तर आपल्याशी बोलत होती. मग ही कुणाशी बोलतेय?

'त्या दिवशी आई तुला शेवटचं काय म्हणाली गं?' त्याने विचारलं. इतक्या काळात हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. रेंज गेली की काय, असं वाटून त्याने फोन कानावर घट्ट दाबला.

'बाबा, त्या दिवशी माझा फोन नव्हता,' लेक म्हणाली. 'मी कामावर होते. तुम्ही येईल त्याला तसं सांगत होतात, तुम्हाला तेवढाच आधार होता. मला मोडवेना तो.'

'मग ती कुणाशी...'

'बरं वाटेनासं झाल्यावर तुम्हालाच लावत असेल ना. दुसरं कुणाला लावणार ती?'

सेक्रेटरीने वर पाहिलं. तिचं बोलणं संपायची तो इतके दिवस वाट बघत बसला होता, आणि ते मुळात सुरूच झालं नव्हतं. तो उठला. लिफ्टसाठी थांबला नाही. कठड्याला धरून एकेक मजला चढला, आलो गं, आलो, म्हणत दार उघडलं आणि तडक स्वयंपाकघरात गेला.

कुणी नव्हतं. फ्रिज घरघरत होता. ती गेल्यापासून पहिल्यांदाच तो त्या फटीत शिरला, अंग चोरून, छाती ओट्याला घासत. जिना चढून जीव घाबरा झाला होता, आधार हवा होता, म्हणून त्याने कपाळ गजांना टेकवलं. फोन अजून कानालाच होता. लेक पलीकडून बाबा, बाबा करत होती.

बाक बरोबर खाली होता. ना मध्ये झाड, ना कुठला आडोसा. इथून तो इतका स्वच्छ दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाकावर एक माणूस भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसला होता. टक्कल उन्हात चमकत होतं, आणि अंगात तोच शर्ट होता जो सेक्रेटरीने त्या दिवसानंतर पुन्हा घातला नव्हता. त्याने ओरडून हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

त्या माणसाने मान वर केली. खिडकीत कुणीतरी उभं आहे हे त्याला दिसलं, कानाला फोन आहे हेही दिसलं. तो समजूतदारपणे हसला, हात वर करून त्याने खूण केली, बोल, निवांत बोल, आणि पाय पसरून आरामात बसून राहिला.